ड्रॉइंग नसलेलं जहाज

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ड्रॉइंगशिवाय जॉब मशिनवर चढत नाही. ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज बांधायला घेतलं तेव्हा मात्र हाताशी होतं ते अजिंठ्यातलं पाचव्या शतकातलं एक चित्र. चित्रकाराने शिडं आणि डोलकाठ्या रंगवल्या; पाण्याखालचा आकार आणि फळीची जाडी त्याने कशाला दाखवावी? ते सगळं अंदाजाने बसवायचं, मग मद्रास आयआयटीत प्रतिकृती पाण्यात घालून तपासायचं.

जुलै 2023 मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात करार झाला, सप्टेंबरात जहाजाचा कणा बसला. होडीच्या रत्नाकर दांडेकरांना नौदलाचं काम नवं नव्हतं. नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ज्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती दांडेकरांनीच बांधलेली. पण इथे फळ्या जोडायला खिळा चालणार नव्हता. म्हणून केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर आले. त्यांनी फळ्यांना भोकं पाडून काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवल्या आणि सांधे काथ्या, राळ, माशाचं तेल घालून बुजवले.

लोखंड ठाऊक असून शिवायचं कशासाठी? भोजाच्या नावावरचा ‘युक्तिकल्पतरू’ सांगतो की समुद्रातले चुंबकी खडक खिळे ओढून घेतात. ते राहू द्या. शिवलेली फळी लाटेसरशी थोडी लवते, वाळूवर आपटली तरी सहसा तडकत नाही, आणि टाका तुटलाच तर नवा घालता येतो.

21 मे 2025 ला कारवारला जहाज नौदलात दाखल झालं. शिडावर गंडभेरुंड, नाळेवर सिंहयाळी, डेकवर हडप्पा धाटणीचा दगडी नांगर. ही सजावट मला जरा जास्तच वाटते. अजिंठ्याच्या जहाजावर इतक्या काळांची गर्दी कशाला?

खरी परीक्षा समुद्रावर होती. चौकोनी शीड पाठीमागच्या वाऱ्यावर झकास ओढतं, वारा तोंडावर आला की त्याचं फारसं चालत नाही. त्यामुळे असं जहाज नेणाऱ्याचं निम्मं काम ऋतू निवडण्यात संपतं. कमांडर विकास श्योराण यांच्या कप्तानीखाली 29 डिसेंबर 2025 ला ‘कौंडिण्य’ पोरबंदरहून ओमानकडे निघालं ते हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यांच्या भरवशावर. दिशा सांभाळायला मागच्या बाजूची वल्ही, इंजिन नाही. या मोहिमेची जबाबदारी पहिल्यापासून प्रकल्पात असलेल्या कमांडर हेमंत कुमार यांच्याकडे होती.

ओमानला हा प्रकार अनोळखी नव्हता. टिम सेव्हरिन यांनी 1980-81 मध्ये ‘सोहार’ हे शिवलेलं जहाज तिथून चीनला नेलं, त्याचं लाकूड मलबारचं आणि शिवणारे लक्षद्वीपचे. 14 जानेवारी 2026 ला ‘कौंडिण्य’ मस्कतला पोचलं.

चित्रावरून बांधलेलं जहाज समुद्र पार करतं, हे आता सिद्ध झालं. आपल्या पट्ट्यात वेल्डर-फिटर घडवणाऱ्या आयटीआय आहेत; जहाज शिवणारे हात मात्र देशात मोजके उरलेत. पुढच्या सफरीचा बेत ठरवण्याआधी शंकरन यांच्या हाताखाली शिकाऊ पोरं बसवायला हवीत.