कागदावरचा मुख्तार

अहमदपूरच्या आमच्या जुन्या घरात, पत्र्याच्या पेटीत निजामाच्या राजवटीतला एक उर्दू कागद निघाला. वाचून दाखवणारा म्हणाला, "पणजीचं शेत मुख्तारनं विकलंय." झालं! हा मुख्तार कोण, त्याला अधिकार कुणी दिला, यावरून दोन चुलतभावांत अबोला सुरू झाला. शेवटी गावातल्या एका वृद्ध वकीलसाहेबांनी चष्मा पुसत उलगडा केला, "अरे, हे नाव नाही, काम आहे. मुख्तार म्हणजे मुखत्यार. पणजीनंच अंगठा देऊन नेमलेला तिचा भाऊ!"

असे घोटाळे आपल्या भागाच्या वाट्याला अंमळ जास्तच आले. १९५६ पर्यंत अहमदपूर तालुका हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. मग तो उस्मानाबादेत आणि १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात आला. या फेऱ्यात कचेरीची भाषाही बदलली. कालचा मुन्सिफ दिवाणी न्यायाधीश झाला. उलट पश्चिम महाराष्ट्रातला मामलेदार मागे पडला आणि आपला तहसीलदार राज्यभर रुळला.

'वकील' हाच शब्द घ्या. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी राहणारा राजदूत. आज तो कोर्टात उभा राहतो. गंमत अशी, की दोघांचं काम एकच, दुसऱ्याच्या वतीनं बोलणं.

ही अडचण साऱ्या जगाची आहे. इटालियन भाषेतला 'माजिस्त्रातो' न्यायाधीशही असतो आणि सरकारी अभियोक्ताही. इंग्रजीत त्याचा 'मॅजिस्ट्रेट' केला, की अर्थ फसलाच! तिथला 'नोतायो' घराच्या खरेदीचा दस्त स्वतः तयार करतो, मालकी तपासतो. आपला नोटरी मुख्यतः प्रतिज्ञापत्रं आणि सह्या साक्षांकित करतो. खरेदीखत नोंदवायला दुय्यम निबंधकाकडेच जावं लागतं. तरीही नोटरीचा शिक्का बसला म्हणजे प्लॉट आपला झाला, असं समजून आयुष्यभराची पुंजी मोजून देणारी साधी माणसं आजही भेटतात.

म्हणून हुद्द्याला प्रतिशब्द शोधण्याआधी, तो माणूस नेमकं करतो काय, हे विचारावं. शब्द सारखा दिसला म्हणून अधिकार सारखा होत नाही.

आमच्या चुलतभावांचा अबोला सुटला. पेटीतल्या त्या कागदाला आता मराठीत एक चिठ्ठी टाचली आहे : 'मुख्तार म्हणजे पणजीचा भाऊ.' पुढच्या पिढीनं तरी भांडू नये!