मज्जावैविध्य व मानसचिकित्सकांचे प्रशिक्षण

स्वमग्नता, अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता, वाचनाक्षमता, टूरेट लक्षणसमूह इत्यादींमुळे ज्यांच्या विचार, संवेदन, भाषा वा अवधान यांची घडण बहुसंख्यांहून वेगळी असते, अशा व्यक्तींना, ते वेगळेपण रोग न मानता, मानसिक साहाय्य कसे द्यावे याविषयीचे मानसचिकित्सकांचे शिक्षण. अशा उपचारांना स्वीकृतिपर उपचार म्हणता येईल. त्यांमागील न्यूरोडायव्हर्सिटी या कल्पनेसाठी येथे मज्जावैविध्य, तर अशा व्यक्तींसाठी मज्जाभिन्न हा शब्द योजला आहे. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्राच्या अभ्यासक जूडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात ही संज्ञा वापरली. मात्र ही कल्पना कोणा एकाच व्यक्तीची नव्हे. तत्पूर्वीच स्वमग्न व्यक्तींच्या आपसांतील पत्रव्यवहारातून व चर्चांतून ती घडत आली होती.

असे प्रशिक्षण का आवश्यक ठरले, हे मानसचिकित्सेच्या इतिहासावरून ध्यानात येते. स्विस मनोविकारतज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘ऑटिझम’ हा शब्द १९११ मध्ये छिन्नमानसाच्या रुग्णांतील आत्मकेंद्रित अवस्थेसाठी वापरला. पुढे लीओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करताना तोच शब्द घेतला. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्दही तोच अर्थ वाहतो. वस्तुतः ज्याला ‘स्वतःत मग्न’ म्हटले जाते, ते मूल पुष्कळदा सभोवतालच्या आवाज, प्रकाश व स्पर्श यांनी इतरांहून अधिक ग्रासलेले असते. म्हणजे नावच दिशाभूल करणारे आहे. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मधील आपल्या ग्रंथात या अवस्थेचा दोष मातापित्यांच्या, विशेषतः मातेच्या, भावशून्यतेकडे दिला. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच या मताचे साधार खंडन केले होते; तरीही कित्येक मातांना त्याचा जाच दीर्घकाळ सोसावा लागला. त्यानंतर वर्तनवादी पद्धती पुढे आली. इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये १९ लहान मुलांवरील गहन वर्तनोपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्याला सु. ४० तासांच्या या शिकवणीचे यश मूल इतर मुलांतून वेगळे ओळखू येईनासे होण्यात मानले गेले. स्वमग्न व्यक्तींचा मुख्य आक्षेप याच उद्दिष्टावर आहे. जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने १९९३ मध्ये, आमच्याविषयी शोक करू नका, असे पालकांना उद्देशून लिहिले. मज्जावैविध्याच्या चळवळीतील हे आरंभीचे महत्त्वाचे लेखन समजले जाते.

मज्जाभिन्न प्रौढ व्यक्ती मानसचिकित्सकाकडे येते ती बहुधा आपले वेगळेपण घालविण्यासाठी नव्हे, तर चिंता, अवसाद, निद्रानाश किंवा थकवा यांसाठी. यांतील बराच थकवा मुखवटा धारण करण्यातून आलेला असतो. संभाषणाची वाक्ये आधी पाठ करणे, समोरच्याचे हसू पाहून हसणे, हात हलवण्याची ऊर्मी दाबून ठेवणे इ. गोष्टी ही व्यक्ती दिवसभर करीत असते. इंग्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रौढपणी अॅस्पर्गर लक्षणसमूहाचे निदान झालेल्या ३७४ व्यक्तींपैकी ६६ टक्के व्यक्तींनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचे सांगितले. नंतरच्या संशोधनात मुखवट्याचे प्रमाण व असे विचार यांचा संबंध आढळला. अशा व्यक्तीला अधिक सफाईदार मुखवटा शिकविणारा चिकित्सक सद्हेतूनेच, पण अपाय करतो.

यामुळे प्रशिक्षणाचा गाभा तंत्रांपेक्षा दृष्टीच्या पालटात आहे. स्वमग्न व्यक्तींना दुसऱ्याचे मन कळत नाही, असे मत १९८० नंतरच्या दशकांत रूढ होते. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये याला दुहेरी समानुभूतीची समस्या असे नाव दिले : गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, केवळ अल्पसंख्य बाजूचा दोष मानला जातो. एडिंबरो येथे २०२० मध्ये कानगोष्टींच्या खेळासारख्या एका प्रयोगात गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे अशी आठ जणांतून पोहोचविण्यात आली. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली; मिश्र साखळीत मात्र अधिक गळती झाली. अधिक मोठ्या संख्येवर केलेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिश्र साखळीतील ही गळती आढळली नाही. परंतु स्वमग्न व्यक्ती माहिती पोहोचविण्यात कमी पडतात, असेही त्यातून दिसले नाही. चिकित्सकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की समोरची व्यक्ती गप्प राहिली तर ‘प्रतिकार’, ‘असहकार’ अशी नोंद करण्यापूर्वी त्याने स्वतःचा प्रश्न तपासावा.

प्रश्न तपासणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. स्वमग्न व्यक्तींपैकी सु. निम्म्यांना आपल्या भावना ओळखणे व त्यांना नाव देणे कठीण जाते. ‘मनात काय चालले आहे?’, ‘मन मोकळे करा’ यांसारख्या मराठी समुपदेशनातील नेहमीच्या वाक्यांना त्यांच्याकडे उत्तर नसते. ‘पोटात गोळा आला का?’ या प्रश्नाचा एखादी व्यक्ती शब्दशः अर्थ घेते व ‘नाही’ म्हणते. त्याऐवजी, ‘काल कार्यालयात शिरताना छाती, पोट, घसा यांपैकी कोठे काही जाणवले का?’ असे विचारल्यास संभाषण पुढे सरकते. उत्तरासाठी थांबणे, लेखी उत्तर चालेल असे सांगणे, पुढील बैठकीचा क्रम आधी कळविणे, खोलीतील पंख्याचा आवाज वा नळीदिव्याची फडफड दूर करणे, या सवयी प्रशिक्षणार्थींकडून प्रत्यक्ष करवून घेतल्या जातात. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य व काळजी उत्कृष्टता संस्थेने २०१२ च्या मार्गदर्शिकेत बोधात्मक वर्तनोपचारात असेच फेरफार सुचविले आहेत : लेखी व चित्रमय सामग्री, स्पष्ट नियम, रूपकांचा मर्यादित वापर, मध्यंतरे आणि व्यक्तीच्या आवडीच्या विषयांचा उपयोग. नजरेला नजर देणे हे मात्र उद्दिष्ट मानू नये. वडीलधाऱ्यांसमोर मान खाली ठेवणे हा ज्या समाजात शिष्टाचार होता, तेथे परकीय पाठ्यपुस्तकातील हा निकष जसाच्या तसा उचलला जावा, हे विशेष.

सर्वांत कठीण भाग म्हणजे भिन्नता व व्यथा यांतील विवेक. रोज त्याच रस्त्याने जाण्यात समाधान वाटत असेल, तर तो नित्यक्रम आहे; न गेल्यास अनर्थ ओढवेल या धास्तीने जावे लागत असेल, तर तो कल्पना-क्रिया अनिवार्यतेचा विकार असू शकतो. पहिल्यावर उपचार करणे अन्यायाचे व दुसऱ्यावर न करणे हेळसांडीचे होय. एकाच व्यक्तीत अनेक भिन्नता असणेही सामान्य आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणानुसार २०१३ पर्यंत स्वमग्नता व अवधान-न्यूनता ही दोन्ही निदाने एकत्र करता येत नसत. त्यापूर्वी शिकलेल्या चिकित्सकांना म्हणून काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.

शिकविणारे कोण असावेत, या प्रश्नाला इंग्लंडमध्ये एका मृत्यूमुळे कायद्याचे रूप आले. ऑलिव्हर मॅगॉवन हा अठरा वर्षांचा स्वमग्न तरुण २०१६ मध्ये रुग्णालयात मरण पावला. त्याच्या व मातापित्यांच्या विरोधानंतरही त्याला मनोविकृतिरोधी औषध देण्यात आले होते. त्याच्या मातेने चालविलेल्या प्रयत्नांनंतर २०२२ च्या आरोग्य व काळजी अधिनियमाने तेथील नोंदणीकृत सेवांतील कर्मचाऱ्यांना स्वमग्नता व बौद्धिक अक्षमता यांविषयीचे प्रशिक्षण आवश्यक केले. केवळ मानसचिकित्सकांपुरते मर्यादित नसलेले हे प्रशिक्षण त्याच्याच नावाने ओळखले जाते, व ते देण्यात स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती शिक्षक म्हणून सहभागी असतात.

या दृष्टिकोनावर आक्षेपही आहेत. ज्या मुलाला बोलता येत नाही, जे स्वतःला इजा करून घेते व ज्याला अहोरात्र साहाय्य लागते, त्याच्या मातापित्यांना ‘भिन्नता’ हा शब्द अपुरा वाटतो, आणि त्यांचे म्हणणे दुर्लक्षणीय नाही. स्वीकृतीचा अर्थ साहाय्य नाकारणे असा होत नाही. स्वतःला होणारी इजा थांबविणे, चित्रांच्या किंवा यंत्राच्या द्वारा संज्ञापन शिकविणे हे तिच्या कक्षेतच येते. स्वीकृतिपर पद्धतींच्या परिणामांविषयीचे नियंत्रित प्रयोग अद्याप थोडे आहेत, ही उणीव मात्र खरी आहे.

भारतात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या अधिनियमाखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे होत आली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ दिव्यांगतांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे. अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता यांचा स्वतंत्र उल्लेख नाही. दिल्लीतील अॅक्शन फॉर ऑटिझम (१९९१) व मुंबईतील उमीद (२००१) या संस्थांनी पालकांबरोबर व्यावसायिकांच्या प्रशिक्षणाचेही कार्य केले आहे. येथील अडचण काहीशी निराळी आहे. मज्जाभिन्न तरुण अनेकदा एकटा येत नाही. आईवडील त्याला घेऊन येतात, आणि परीक्षेतील गुण, नोकरी किंवा विवाह हे उपचारांचे उद्दिष्ट त्यांनी आधीच ठरविलेले असते. म्हणून पहिल्या भेटीचा काही भाग त्या व्यक्तीला स्वतंत्रपणे द्यावा, तिला काय हवे ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि त्यांपैकी काय घरच्यांना सांगावयाचे हेही तिलाच विचारावे, ही पद्धत प्रशिक्षणार्थींना शिकविणे आवश्यक ठरते.