पहिलीच जुनी स्पोर्ट्स कार उभी करताय? इंजिनाआधी दारं तपासा

ब्रिटनमध्ये जुनी स्पोर्ट्स कार घरच्या गॅरेजमध्ये नव्याने उभी करू पाहणाऱ्या नवख्यांना बहुतेकदा ‘एमजीबी’च सुचवली जाते. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. पण १९६२ पासून तोवर पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या होत्या. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात, अगदी कोरी बॉडीसुद्धा. १७९८ सीसीचं इंजिनही साधं, सरळ.

खरी अडचण गंजाची. या गाडीला वेगळी चॅसिस नाही. दारांखालचे पोकळ पत्र्याचे ‘सिल’ तिचा भार पेलतात. वर चकचकीत रंग आणि आत भुगा, अशी गाडी स्वस्तात गळ्यात पडते. म्हणून सौद्याआधी मागून जॅक लावून गाडी उचलावी आणि दारं उघडून पाहावीत. दार घासलं किंवा अडकलं, तर वेल्डिंगचं मोठं काम वाट पाहतंय. नवख्याने दुसरी गाडी शोधावी.