वर्गातला मोबाईल कोणाच्या हातात?

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसोबत मुलेही गाव सोडतात आणि त्यांची शाळा मध्येच तुटते. शिक्षणात मोबाईलचा सर्वांत सबळ दावा इथेच आहे, कारण पुस्तक फडावर नेता येते, शिक्षक नेता येत नाही; त्याचा पाठ मात्र मोबाईलवर पोहोचू शकतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे हे कोड बालभारतीच्या पुस्तकांतही आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. या प्रयोगात पुस्तक पुस्तकच राहिले, फोन फक्त त्याचे दार झाला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

म्हणून प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र मोबाईल देण्याला माझा विरोध आहे. ग्रामीण भारतातील शिक्षणाच्या ‘असर २०२४’ पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता; समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. स्वतःचा फोन न दिल्यास खेड्यातली मुले मागे पडतील, हा आक्षेप रास्त आहे. पण वरची पाहणीच सांगते, की या वयातल्या ८२ टक्के मुलांना फोन हाताळता येतो. उणीव आहे ती सोबत बसून शिकवणाऱ्याची. वर्गात शिक्षकाच्या ताब्यातले मोजके टॅब, आणि स्थलांतरित मुलाला पालकाच्या फोनवर रोज ठरलेला एक पाठ व शिक्षकाचा एक फोन, एवढी सोय आधी पक्की करावी.