मोटारसायकलची गादी अंगाच्या मापाने

आठवडी बाजार करणारे आपले कापडवाले, मनियार आणि फेरीवाले बांधव दिवसाचे कित्येक तास मोटारसायकलवर काढतात. कंबर धरली, सजद्यातून उठताना त्रास होऊ लागला की डॉक्टरकडे जातात. गादीकडे कोणी पाहत नाही. पाहिलेच तर कारागिराला एकच सांगतात, "जरा नरम करून दे." येथेच पैसे वाया जातात.

बसलेल्या माणसाचे वजन मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर पडते. फोम फार नरम असला तर ही हाडे तो दाबत खालच्या सांगाड्याला टेकतात. दुकानात दोन मिनिटे गोड वाटलेली गादी रस्त्यावर तासाभरात टोचू लागते ती यामुळेच. म्हणून भारी अंगाच्या माणसाला घट्ट फोम हवा. हलक्या माणसाला तोच पाटासारखा वाटेल. फोम घेताना ३२ किंवा ४० असा आकडा सांगतात, तो एका घनमीटरचे किलोतील वजन होय. त्यावरून टिकाऊपणाचा अंदाज येतो, नरमाईचा नाही. ती हाताने दाबूनच पाहावी. खाली तुकडे दाबून केलेला कडक फोम आणि वर नरम थर, ही जोडी बहुतेकांना मानवते.

रुंदीचे माप घरीच घेता येते. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर मिनिटभर बसा. दोन खळगे पडतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजा. बसण्याच्या जागी गादी त्याहून चांगली रुंद हवी. स्त्रियांमध्ये हे अंतर साधारणपणे जास्त असते.

आता उंची. स्प्लेंडर प्लसची बैठक ७८५ मिलिमीटर, क्लासिक ३५० ची ८०५. ठेंगण्या माणसाचे पाय टेकत नाहीत म्हणून सगळा फोम कापतात, ही चूक आहे. मांड्या जेथून खाली उतरतात तेथले पुढचे कोपरे तासले तरी पाय बराच खाली जातो. उंच माणसाने उलट इंचभर भर घालावी, म्हणजे गुडघे कमी मुडपतात. उतार टाकीकडे असेल तर माणूस पुढे घसरतो आणि हातांवर भार येतो.

कव्हर हा माझ्या धंद्यातला विषय. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. आतले कापड ताण्याबाण्याचे असेल तर ते ताणत नाही, वळणावर चुण्या पडतात. होजिअरीचे असेल तर नीट बसते. उलटी बाजू पाहिल्याशिवाय घेऊ नका. बसण्याच्या जागी शिवण नकोच. सुईच्या भोकांतून पाणी शिरते आणि फोम दिवसेंदिवस ओला राहतो.

मूळ गादी कापू नका. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याला जुना सांगाडा शोधून त्यावर काम करून घ्या. मागे बसणाऱ्याची पकड मात्र झाकली जाऊ नये; ती १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे आवश्यक आहे.

कारागीर बांधवांनाही एक अर्ज आहे. शिंपी माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही, तसे गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून पाहा. नव्या रेक्झिनखाली जुना फोम दडवणे हा मालाचा ऐब लपवणेच आहे. फोम बसवला की कव्हर न ठोकता वर चादर बांधून गिऱ्हाइकाला तासभर फिरून येऊ द्या. कमीजास्त करायचे ते तेव्हाच करता येते. पिना मारल्यावर सगळे पुन्हा उचकटावे लागते.