गाळणीत राहणारा चोथा

रुग्णाला भेटायला येणारे नातेवाईक अजूनही मोसंब्या आणतात आणि आल्या आल्या त्यांचा रस काढतात. जालन्यासारख्या मोसंबीच्या मुलखात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना माझं बरंचसं बोलणं या रसावरच होतं. "ताई, खाण्यापेक्षा रस लवकर अंगी लागतो ना?" लवकर लागतो, हे खरंच आहे. पण लवकर लागते ती साखर, आणि मधुमेहाच्या घरात तीच अडचण असते.

मोसंबीची फोड उकलून बघा. आत रसाच्या इवल्या इवल्या पिशव्या असतात, साखर त्यांच्यात कोंडलेली असते. चावताना सगळ्या फुटत नाहीत. पडद्यांमधलं पेक्टिन पोटात पाणी धरून दाटसर होतं, त्यामुळे घास पुढे सावकाश सरकतो आणि लहान आतड्यातून साखर थोडी थोडी रक्तात उतरते. उरलेले तंतू मोठ्या आतड्यात पोचतात. तिथल्या जिवाणूंचं ते अन्न. रस गाळला की हे सगळं चोथा म्हणून कचऱ्यात जातं. संत्र्याच्या २४० मिलीलिटर रसात साधारण २० ग्रॅम साखर असते, तंतू जेमतेम अर्धा ग्रॅम. एवढ्या रसाला तीनेक संत्री लागतात. तीन संत्री सोलून खायला बसलं तर दुसऱ्यालाच पोट भरल्यासारखं होतं. ग्लास मात्र बोलता बोलता रिकामा होतो.

याची सुरेख तपासणी १९७७ साली ब्रिटनमध्ये झाली, ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, कुस्करलेलं आणि गाळलेला रस. पिष्ट-शर्करा प्रत्येकात सारखीच, ६० ग्रॅम. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगाने संपला. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रक्तातली साखर तिन्ही वेळा जवळपास सारखीच चढली, पण रसानंतर इन्सुलिन जास्त वर गेलं आणि मग साखर झपकन खाली आली. अख्ख्या सफरचंदानंतर तशी घसरण दिसली नाही. शिवाय वेग सारखा ठेवला तरी रसाने पोट कमीच भरलं. म्हणून फक्त जेवणानंतरचा आकडा बघून "रसाने काही फरक पडत नाही" असं कुणी म्हणालं, की मी हा प्रयोग सांगते.

रस अगदीच निरुपयोगी, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. ताज्या रसात क जीवनसत्त्व चांगलं उतरतं आणि सहज शोषलं जातं. आंब्याचा केशरी रंग कॅरोटीनचा. ते पेशींमध्ये अडकून असतं, पेशी फुटल्या की सुटतं, आणि शोषलं जायला त्याला स्निग्ध पदार्थाची सोबत लागते. आमरसावर तुपाची धार सोडायची आपली रीत म्हणूनच मला फार मोलाची वाटते. आमरसात गरही बराचसा वाटीत येतो. फक्त वरून साखर घालू नका, आणि मधुमेह असेल तर छोट्या वाटीवर थांबा.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी तर मी रस हाताशी ठेवायलाच सांगते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, तर त्या क्षणी फोडी सोलत बसू नये. जी सावकाशी एरवी हवी असते ती इथे धोक्याची. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर अर्धा कप रस लगेच पाजायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. रस पाजल्यावर १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. वर आली नसेल तर तेवढाच रस परत द्यायचा, आणि वर आली की पोळी-भाजी, डाळ-भात, जे घरात असेल ते खायला घालायचं.