मोहाच्या टोळीचे तेल : त्वचेसाठी गुणवत्तेची पारख

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तरी दोन्ही जिल्ह्यांचे अरण्य आणि त्या अरण्यावर जगणाऱ्या गोंड, माडिया व कोलाम समाजांचे वनजीवन यांत मोहाचे स्थान सारखेच राहिले आहे. मोहफुलांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्यानंतर येणाऱ्या फळाकडे आणि त्यातील बीकडे मात्र अभ्यासकांचे व बाजाराचे लक्ष त्या मानाने कमी गेले. या बीला पूर्व विदर्भात टोळ किंवा टोळी, तर काही भागांत टोरी म्हणतात आणि तिच्यापासून निघणारे तेल दिव्यासाठी, स्वयंपाकासाठी, साबणासाठी, तसेच थंडीत फुटणाऱ्या टाचांना व कोरड्या पडणाऱ्या अंगाला चोळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात आहे. त्वचेसाठी उत्तम तेल कोणते, हा प्रश्न आज शहरी ग्राहक वारंवार विचारतो. त्याचे एक समर्थ उत्तर या अरण्यात आहे, परंतु ते तेल पारखून घेण्याची रीत माहीत असली तरच ते हाती लागते.

वनस्पतिशास्त्रात मधुका लॉन्जिफोलिया या नावाने ओळखला जाणारा मोह सॅपोटेसी कुळात मोडतो. चिकू याच कुळातला आहे आणि जगभरच्या प्रसाधनांत मानाचे स्थान मिळवलेले शिया बटर ज्या आफ्रिकी वृक्षाच्या बियांपासून निघते, तो वृक्षही याच कुळातला आहे. टोळीच्या तेलात ओलेइक आम्ल साधारण 41 ते 51 टक्के, स्टिअरिक आम्ल 20 ते 25 टक्के, पामिटिक आम्ल 16 ते 28 टक्के आणि लिनोलेइक आम्ल 9 ते 14 टक्के आढळते. यांपैकी ओलेइक व लिनोलेइक ही असंतृप्त, म्हणजे सामान्य तापमानाला द्रवरूप राहणारी मेदाम्ले आहेत, तर स्टिअरिक व पामिटिक ही संतृप्त, म्हणजे घट्ट होणारी मेदाम्ले आहेत. या मिश्रणामुळे टोळीचे तेल उन्हाळ्यात पातळ असते, हिवाळ्यात तुपासारखे थिजते आणि त्वचेवर लावल्यावर एक पातळ थर धरून आतील ओलाव्याची वाफ होण्याचा वेग कमी करते. कोरड्या त्वचेला त्याचा जो उपयोग होतो, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

या संदर्भात एमू तेलाचा उल्लेख आवश्यक ठरतो. एमू हा ऑस्ट्रेलियातील न उडणारा मोठा पक्षी असून त्याच्या शरीरातील चरबी वितळवून व शुद्ध करून हे तेल तयार केले जाते. 2000 नंतरच्या दशकात महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या राज्यांत एमूपालनाची लाट आली, पक्षी परत विकत घेण्याच्या आश्वासनांवर शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले आणि 2012 च्या सुमारास खात्रीची बाजारपेठ नसल्यामुळे हा व्यवसाय कोसळला. एमू तेलातही ओलेइक आम्लच प्रमुख असते आणि त्याच्या औषधी गुणांबद्दल जे दावे केले जातात, त्यांना माणसांवरील अभ्यासांचा आधार मर्यादित आहे. त्वचेला मऊपणा देणे एवढेच प्रयोजन असेल, तर दूरदेशीच्या पक्ष्याच्या चरबीपेक्षा परिसरातील वृक्षाचे बी अधिक सुलभ आहे. तथापि, प्राणिज असो वा वनस्पतिज, तेलाचा कच्चा माल कसा जमवला, कसा साठवला आणि तेल कसे काढले, हे तीन प्रश्न दोन्हींना सारखेच विचारावे लागतात.

मोहाच्या बाबतीत पहिला प्रश्न सर्वांत निर्णायक आहे. मार्च-एप्रिलमध्ये फुले गळून गेल्यावर फळे धरतात आणि ती मेअखेरीपासून जुलैपर्यंत पिकून पडतात; म्हणजे टोळ वेचण्याचा हंगाम आणि विदर्भातील पावसाचे आगमन हे एकाच वेळी घडते. ओल्या जमिनीवर पडून राहिलेल्या, फुटलेल्या किंवा अर्धवट सुकवलेल्या बियांत बुरशी वाढते आणि बियांतील लायपेज हे विकर, म्हणजे मेदाचे विघटन घडवून आणणारे प्रथिन, तेलाचे रेणू तोडून मुक्त मेदाम्ले तयार करते. अशा बियांचे तेल गडद, उग्र वासाचे आणि त्वचेला झोंबणारे निघण्याचा संभव असतो. म्हणून ताजी फळे वेचून गर काढणे, टरफल फोडून आतील डाळी वेगळ्या करणे, त्या कडक उन्हात वा पावसाळ्यात छताखाली हवेशीर जागी पूर्ण सुकवणे आणि कोरड्या जागी ठेवणे, ही प्रामुख्याने स्त्रियांच्या हातून होणारी कामेच तेलाचा दर्जा ठरवतात. घाण्यात पडण्यापूर्वी बिघडलेले बी पुढील कोणत्याही यंत्राने मूळ स्थितीत येत नाही.

तेल काढण्याच्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत. मध्य भारतातील आदिवासी गावांत कुटलेल्या डाळी वाफवून, त्या बांबूच्या किंवा वेलींच्या टोपलीत भरून, दोन जाड लाकडांमध्ये दाबण्याची जुनी रीत आहे. बैलघाणीच्या सुधारणेचे महत्त्वाचे काम शेजारच्या वर्ध्यात झाले. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीतील कार्यशाळेत झवेरभाई पटेल यांनी जी सुधारित घाणी सिद्ध केली, ती वर्धा घाणी या नावाने देशभर पोहोचली. मोहाच्या बियांपासून गावच्या घाणीत सुमारे 20 ते 30 टक्के, यांत्रिक एक्स्पेलरमध्ये 34 ते 37 टक्के आणि हेक्झेनसारख्या द्रावकाच्या साहाय्याने 40 ते 43 टक्के तेल मिळते. द्रावकाने काढलेले तेल शुद्धीकरणाशिवाय वापरण्याजोगे नसते आणि शुद्धीकरणात त्याचा नैसर्गिक रंग व वास निघून जातो. मागे राहणाऱ्या पेंडीत सॅपोनिन, म्हणजे पाण्यात फेस करणारी कडवट व विषारी द्रव्ये, राहतात. तिचा उपयोग मासे गुंगवण्यासाठी व कीडनाशक म्हणून होत आला आहे. त्यामुळे तेल नीट निवळलेले आणि पेंडीच्या कणांपासून पूर्ण गाळलेले असणे त्वचेच्या दृष्टीने आवश्यक आहे.

चांगल्या तेलाची बाह्य लक्षणे सहज तपासता येतात. ताजे घाणीचे तेल फिकट पिवळे ते हिरवट पिवळे दिसते, त्याला बियांचा मंद वास असतो आणि थंडीत ते थिजते; हिवाळ्याच्या गारठ्यातही पूर्ण पातळ राहणाऱ्या तेलात दुसऱ्या तेलाची भेसळ असल्याची शंका घ्यावी. बाह्य लक्षणांपेक्षा दोन प्रयोगशाळीय मोजमापे अधिक विश्वसनीय आहेत. आम्लमूल्य म्हणजे मुक्त मेदाम्लांचे प्रमाण आणि पेरॉक्साइड मूल्य म्हणजे हवेतील ऑक्सिजनमुळे तेल खवट होण्याची सुरुवात किती झाली याचे माप. खाद्यतेलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात शुद्धीकरण न केलेल्या तेलाचे आम्लमूल्य दर ग्रॅमला 4 मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडपर्यंत आणि पेरॉक्साइड मूल्य दर किलोग्रॅमला 15 मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत मान्य आहे. त्वचेसाठीच्या तेलालाही हीच मर्यादा लावणे शहाणपणाचे ठरेल.

वापरातही तारतम्य हवे. कोपरापुढील हाताच्या आतल्या बाजूवर थोडे तेल लावून एक-दोन दिवस वाट पाहावी आणि लाली किंवा खाज आली नाही तरच ते सर्वांगाला लावावे. ओलेइक आम्ल भरपूर असलेली तेले त्वचेचा संरक्षक थर सैल करू शकतात. म्हणून तान्ही बाळे आणि इसब असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती वापरू नयेत, तसेच मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावरही टाळावीत. टोळीचे तेल त्वचेचा कोरडेपणा कमी करते. त्याला रोग बरे करणारे औषध म्हणणे योग्य नाही.

अशा तेलाची हमी देण्यास सर्वाधिक पात्र संस्था म्हणजे ग्रामसभा. वनहक्क कायदा 2006 मुळे गौण वनोपजावरील मालकी ग्रामसभांकडे आली; धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये आणि गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि या गावांनी बांबूचा व्यवहार स्वतः करून दाखवला. केंद्र सरकारच्या 2013-14 पासूनच्या किमान आधारभूत किंमत योजनेत मोहाच्या बीचा समावेश आहे, मात्र बी विकून मिळणारा मोबदला आणि दर्जेदार तेलाचे मोल यांतील अंतर गावाबाहेरच्या हातांत जाते. वेचणी, सुकवणी आणि गाळप ही तिन्ही कामे ज्या गावात होतात, तेच गाव बी कोणत्या जंगलातले व कोणत्या महिन्यातले, हे खात्रीने सांगू शकते. म्हणून ग्रामसभांनी प्रत्येक बाटलीवर गावाचे नाव, वेचणीचा व गाळपाचा महिना आणि आम्लमूल्य छापावे. ग्राहकांनी या चार गोष्टी लिहिलेल्या नसतील तर तेल घेऊ नये आणि लिहिलेल्या असतील तर त्यासाठी योग्य दाम आनंदाने द्यावा.